ऑर्गनच्या बाकावर, बाईंच्या उजव्या हाताला

आठवणी लिहून पाठवा, असं शाळेच्या महोत्सव समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या आपल्या संगीताच्या बाई. मैदान, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन यांवर इतर जण लिहितीलच. मी बाईंवरच लिहिणार.

गणपती गेले की बाईंच्या नाताळच्या तालमी सुरू. शाळा सुटल्यावर हॉलमध्ये सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची मुलं, खिडकीकडे, त्याखालच्या आवाजाची, आल्टो, दाराकडे, मोठी मुलं मागे. “शेजारचा श्वास घेतोय ना, मग तू आत्ता घेऊ नकोस. ओळ तुटता कामा नये.” आज माझ्या गायनवृंदाला मी हेच सांगतो.

आठवीत असताना नाताळच्या उपासनेचं पहिलं कडवं मी एकट्याने, ऑर्गनशिवाय म्हणायचं ठरलं होतं. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार झाला आणि माझा आवाज फुटला. घरी खूप रडलो. बाईंनी ते कडवं सातवीतल्या एका मुलाला दिलं आणि मला म्हणाल्या, “तू इकडे ये. मला स्टॉप ओढायला भरवशाचा माणूस हवाय.”

चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्या बाकावर त्यांच्या उजव्या हाताला मी बसलो. स्टॉप म्हणजे ऑर्गनचा कोणता आवाज वाजायचा ते ठरवणारी, ओढायची मूठ. ८ फूट लिहिलेला स्टॉप म्हणजे कागदावरचा स्वर, ४ फूट म्हणजे वरचं सप्तक, १६ फूट म्हणजे खालचं, हे तिथे शिकलो. शेवटच्या कडव्यात उपासनेला जमलेली मंडळी मूळ चाल गातात, सोप्रानो त्यावरून वेगळे स्वर घेत चढतात आणि खाली ऑर्गनची संगत बदलते. बाईंनी मान हलवली की मी ट्रम्पेटचा स्टॉप ओढायचा. पायाखालची फळी थरथरायची. मंडळी हमखास मागे रेंगाळायची, पण बाई थांबायच्या नाहीत. “आपण थांबलो की ते आणखी थांबतात,” म्हणायच्या. त्या नाताळात मला काही गमावल्यासारखं वाटलंच नाही.

हॅंडलचा हालेलुया कोरस मात्र त्या ईस्टरलाच घेत. तो ‘मसीहा’ या ख्रिस्तावरच्या त्याच्या मोठ्या रचनेत दुसऱ्या भागाच्या शेवटी, ख्रिस्ताच्या दुःखसहनानंतर येतो, आणि १७४२ साली डब्लिनला ती रचना पहिल्यांदा गायली गेली तीही एप्रिलमध्ये, हे त्या दरवर्षी सांगत. रेव्हरंड टिळकांची भजनं आली की ऑर्गन बंद करून पेटी-तबला. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऑर्गनवर निघत नाही, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. मुंबईत फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये ऑर्गन ऐकायला त्यांनीच नेलं. १७१८ च्या नाताळात उघडलेलं ते चर्च. मान वर करून पाइप बघत आम्ही उभे होतो.

आता मी कल्याणला आमच्या चर्चचा वृंद चालवतो. नाताळला चारही आवाज उभे राहतात, याचा मला अभिमान आहे. पण आजूबाजूला कीबोर्डमध्ये भरून ठेवलेल्या संगीतावर मुलं गाताना दिसतात तेव्हा जीव तुटतो. यंत्र ठरल्या वेळी पुढे जातं. समोरच्या मुलाचा श्वास संपला की नाही, ते त्याला कळत नाही. बाईंना पाठमोरं बसूनही कळायचं. समोरच्या छोट्या आरशात त्या आम्हाला बघत असायच्या.

महोत्सवाच्या उपासनेत माजी विद्यार्थ्यांचा वृंद उभा करणार असाल, तर बासमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजात, माझं नाव घाला. हॉलमधली जुनी पायपेटी अजून असेल, तर तिचे भाते बदलण्याचा खर्च माझ्याकडे लागला.