हरिश्चंद्रगड दोन वाटांनी: खोक्यावरचे दहा किलोमीटर आणि टोलार खिंडीतली शांतता

वॉकीटॉकीच्या खोक्यावर "रेंज १० किमी" असं छापलेलं असतं. त्यात खोटं काही नाही, फक्त ते दहा किलोमीटर एका डोंगरमाथ्यावरून समोरच्या डोंगरमाथ्यापर्यंतचे, मध्ये फक्त हवा असतानाचे. हरिश्चंद्रगडावर मध्ये हरिश्चंद्रगड असतो.

बेत साधा होता. धडधाकट पाच जण खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे, आजी-आजोबा आणि दोन मुलं धरून बाकीचे पाचनईहून, भेट गडावरच्या देवळापाशी. महिना सप्टेंबर. चार संच, प्रत्येक गटाकडे दोन. "दोन्ही गट सकाळपासून बोलत राहतील" असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. नाही बोलत. खिरेश्वर गडाच्या दक्षिणेला, पाचनई उत्तरेला, मध्ये तारामती शिखरासकट अख्खा डोंगर. अर्ध्या वॉटचा काय, पाच वॉटचा संच असता तरी फरक पडला नसता. त्या कातळातून काहीच पार होत नाही.

याच दुकानानं "बूस्टर अँटेना" म्हणून एक लांब काडीही पुढे केली होती. घेऊ नका. विनापरवाना संचाची अँटेना मुळात पक्की बसवलेली असते, ती बदलायची नसते. ज्या संचाची अँटेना फिरवून निघते आणि ज्यावर "५ वॉट, लायसन्स लागत नाही" असं लिहिलंय, तो संच खाली ठेवा आणि दुकानाबाहेर पडा. आपल्याकडे २०१८च्या नियमांनुसार अशा हातातल्या संचांसाठी परवान्याविना मोकळा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच. त्यातले संच अर्ध्या वॉटचे असतात. पाच वॉटचे १३६–१७४ आणि ४००–५२० मेगाहर्ट्झवर फिरणारे चिनी संच हौशी रेडिओवाल्यांसाठी ठीक, पण त्यांना परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. घरातल्या आजोबांपासून नातीपर्यंत सगळे परीक्षेला बसणार असाल तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन घेताना पानावर फ्रिक्वेन्सी आणि ईटीए म्हणजे उपकरणाच्या मान्यतेचा उल्लेख आहे का ते बघा. मे २०२५मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. फ्रिक्वेन्सी लिहिलेलीच नसेल तर पुढचं काही वाचू नका.

अमेरिकेतून कुणी प्रेमानं जोडी आणली असेल तर ती ४६२–४६७ मेगाहर्ट्झची असते, इथे चालवायची नाही. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र त्यांच्या पिशवीत असेल तर ते तिकडेच ठेवायला सांगा. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं हाच गुन्हा आहे, विमानतळावर माणसं अडकली आहेत.

आता वाट. खुबी फाट्यावरून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, तिथून खिंडीपर्यंत दोनेक तास रान. सोपं आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहिला माणूस आणि बॅकलीड, म्हणजे सगळ्यात मागे चालणारा, यांच्यात संच चालला, पण ओल्या झाडीत पाचसहाशे मीटरनंतर खरखर. धुक्यानं रेंज जाते हा गैरसमज. धुकं या लहरींना दिसतसुद्धा नाही. आवाज खातात ती ओली पानं आणि आपलं स्वतःचं शरीर. संच कमरेच्या पट्ट्याला लावून, वायरीच्या माइकवर बोललात तर निम्मी ताकद मांडी आणि पाण्याच्या बाटलीत जाते. हातात घ्या, तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना सरळ आकाशाकडे. समोरच्या गटाच्या दिशेनं अँटेना रोखून बोलणारे दर ट्रेकला भेटतात. टोकाच्या दिशेनंच सगळ्यात कमी जातं.

आवाज तुटायला लागला तर आधी एक पाऊल बाजूला सरका. या लहरीची लांबी ६७ सेंटिमीटर. कातळावरून परतलेली लहर आणि सरळ आलेली लहर एकमेकींना मारतात ती जागा हातभर अंतरावर बदलते. संच वीतभर हलवला की मेलेला आवाज जिवंत होतो. ओरडून काही होत नाही, उलट माइक फाटतो.

टोलार खिंडीत व्याघ्रशिल्प आहे. तिथे डावीकडे वर जायचं. सरळ उतरलात तर कोथळ्याला पोहोचाल. आणि इथेच पहिला घोटाळा झाला, तो नीट वाचा.

पुढचा माणूस वर चढला होता, त्यानं खाली सांगितलं: "सरळ जाऊ नका." खाली ऐकू आलं: "सरळ जाऊ". मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि माणूस शेवटचा शब्द तोंडात असतानाच बटण सोडतो. दुसरी बाजूही तितकीच वाईट. बॅटरी वाचवायला संच डुलकी घेत असतो, त्यामुळे बटण दाबल्यावरची पहिली एक-दोन अक्षरं कापली जातात. मग "डावीकडे" आणि "उजवीकडे" या दोन्हींचं पलीकडे होतं "वीकडे". मागच्या दोघांनी कोथळ्याच्या बाजूनं वीस मिनिटं उतरून परत चढ घेतला. सप्टेंबरच्या उकाड्यात त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

उपाय: बटण दाबा, मनात "एक" म्हणा, बोला, पुन्हा "एक" म्हणा, मग सोडा. नकारार्थी वाक्य बोलायचंच नाही. "थांबा. वाघाच्या दगडापाशी थांबा." डावं-उजवं नाही, तर खूण: रेलिंग, दगड, कडा, पाण्याचं टाकं. ऐकणाऱ्यानं जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं, "ठीक आहे" चालणार नाही. निघण्याआधी वाहनतळावर दहा मिनिटं याची उजळणी करा, मुलांना आवडते. मोठ्यांना लाज वाटते, त्यांच्याकडून दोनदा करून घ्या.

खिंडीच्या वर रेलिंगचा कातळटप्पा. अंतर जेमतेम साठसत्तर मीटर आणि तरी वरचा माणूस खालच्याला ऐकू येईना, कारण तो काठापासून दहा पावलं आत झाडाच्या सावलीत बसला होता. मध्ये कातळाचं पोट. वरच्या माणसाला रेलिंग दिसेल इतकं काठाकडे यायला लावा, तेवढ्यानं काम होतं. टप्प्यावर संच गळ्यात लोंबू देऊ नका. बेल्टची प्लॅस्टिकची क्लिप कातळाला घासून निघते. बारीक दोरीनं पिशवीच्या पट्ट्याला बांधा.

बांधा म्हटलं, पण बटण पट्ट्याखाली येऊ देऊ नका. कातळटप्प्यानंतर पठारावरची टेकाडं लागतात, चढा, उतरा, पुन्हा चढा, धुक्यात सगळी सारखी. वाट चुकण्याची गडावरची सगळ्यात वाईट जागा हीच आणि नेमका इथेच चॅनल चाळीस मिनिटं बंद पडला. खरखर नाही, कुणाचा आवाज नाही, फक्त कुणाचे तरी बूट आणि कापडाची सळसळ. बॅकलीडचं बोलायचं बटण पिशवीच्या पट्ट्याखाली दाबलं गेलं होतं. एक संच बोलत राहिला की बाकी सगळे मुके होतात आणि ज्याचा दाबलेला असतो त्यालाच ते कळत नाही. संच घेताना "टाइमआउट" ही सोय आहे का बघा, ६० सेकंदांवर ठेवा. ठरावीक वेळानंतर संच स्वतः बोलणं तोडतो आणि टिकटिक करतो. कीपॅडचं कुलूप त्याला पर्याय नाही. त्यानं बहुतेक संचांत बाकीची बटणं बंद होतात, बोलायचं बटण चालूच राहतं. माझ्या मते ही एक सोय नसलेला संच फुकट मिळाला तरी नको.

पाचनईचा गट तोवर देवळापाशी पोहोचून चहा पीत होता. त्यांची वाट दोन-अडीच तासांची आणि मळलेली, मुलांना संच तिथे खेळण्यापुरता लागला. पण देवळापाशी बसून संच लावणं व्यर्थ. देऊळ खळग्यात आहे. त्यांच्यातला एक जण खिरेश्वरच्या वाटेनं पहिल्या उंच टेकाडावर येऊन उभा राहिला, तेव्हा कुठे शेवटच्या दोनतीन टेकाडांवरून संपर्क लागला. हे आधी ठरवा: जो गट आधी पोहोचेल त्याचा एक माणूस उंचावर, दर तासाला आणि अर्ध्या तासाला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत सगळे संच चालू आणि सगळे उभे. मधल्या वेळात बॅटरी वाचते आणि "हॅलो, हॅलो" ऐकून डोकं उठत नाही.

टोन म्हणजे आवाजासोबत जाणारा एक बारीक सूर, तो जुळला तरच समोरचा संच बोलतो. त्याबद्दल एक खोल खड्डा आहे. दोन गटांचे संच वेगळ्या कंपन्यांचे होते, दोन्हीवर चॅनल ७, टोन १२. एकाला दुसरा ऐकूच येईना. ३८ टोनच्या यादीत १२ म्हणजे १००.० हर्ट्झ, ५०च्या यादीत १२ म्हणजे ९७.४. नंबर जुळवू नका, पुस्तिका उघडून हर्ट्झ जुळवा. चॅनलचंही बघून घ्या: जुन्या आठ चॅनलच्या संचात ९ ते १६ नसतातच, म्हणून १ ते ८मधलाच निवडा. आणि टोन म्हणजे गुप्तता नाही. टोन फक्त तुमच्या कानावर बोळा घालतो. दुसरे तुमचं सगळं ऐकू शकतात, आणि ते बोलत असताना तुमचा आवाज त्यांच्यात मिसळून वाया जातो. बोलण्याआधी हिरवा दिवा विझलाय ना बघा. गोंधळ वाटला तर सगळ्यांनी टोन शून्य करा.

कोकणकड्यावर मात्र गंमत झाली. देवळापासून कडा चालत दोनेक किलोमीटर, मध्ये टेकाडं, संच ठार मुका. पण कड्याच्या काठावर उभं राहिल्यावर खाली बेलपाड्याच्या बाजूला असलेल्या अनोळखी ट्रेकर्सची भाकरीवरून चाललेली चर्चा शेजारी बसल्यासारखी ऐकू आली. मध्ये फक्त हवा. खोक्यावरचे दहा किलोमीटर म्हणजे हे. सूर्यास्त झाला, चांगला होता.

बॅटरी: बदलता येणारी हवी. डबीत बसवून चार्ज करायचा संच गावात वीज गेली की दगड. तीन ट्रिपल-ए सेलवर चालणारा असेल तर सेल पाचनईकडच्या राजूरला मिळतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५चे, त्यामुळे भरलेले रिचार्जेबल घातले तरी बॅटरीची पट्टी अर्धी दिसते. घाबरू नका. डिसेंबरात याल तर रात्री संच स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, लिथियम गारठ्यात लवकर मान टाकते.

आपोआप बोलणारी "व्हॉक्स" सोय पठारावरच्या वाऱ्यात लगेच बंद करा, वारा बोलत राहतो. पाण्यासाठी आयपी६७ हा जलरोधक दर्जा असेल तर उत्तम, नसेल तर झिपलॉकची पिशवी. प्लॅस्टिकमधून लहर आणि आवाज दोन्ही जातात. माइकच्या जाळीवर पाणी बसून आवाज घोगरा झाला तर फुंकू नका, उलटा धरून झटका.

दोनच संच परवडत असतील तर एकेका गटाला एक देऊ नका. दोन्ही खिरेश्वरच्या गटाला द्या, एक पुढे, एक शेवटी. पाचनईवाल्यांना भेटीची वेळ आणि "दोन वाजेपर्यंत आलो नाही तर देवळाजवळच्या टपरीवाल्याला सांगा" एवढं पुरतं. परतताना सगळे पाचनईनं उतरले. खिरेश्वरला ठेवलेली गाडी आणायला रस्त्यानं भलता मोठा वळसा पडतो, तेव्हा चालक आधीच दुसऱ्या बाजूला पाठवा. त्याला फोन करून बोलवू म्हणाल तर वर मोबाइलचा भरवसा नाही, आणि संच पाचनईहून खिरेश्वरला लागत नाही, हे आता पुन्हा सांगायला नको.