छोट्या एजन्सीत नोकरी धरावी का?

रत्नागिरी-चिपळूणकडची मुलं हमखास विचारतात: गावाजवळच्या छोट्या जाहिरात एजन्सीत काम मिळतंय, मालक माणूस बरा वाटतो, धरू का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मालकाचा स्वभाव राहू दे, पगार कुठून निघतो ते बघा.

चार-पाच जणांच्या एजन्सीत काम आणणारा, हिशेब ठेवणारा आणि साहेब, सगळं एकच माणूस. गिऱ्हाइकाचं बिल सुटलं की पगार. आंबेवाला हंगाम उरकल्यावर पैसे देणार. पावसात मालवणचे वॉटर स्पोर्ट्स बंद, होमस्टे रिकामे. मग जुलै-ऑगस्टचा पगार लटकतो, आणि तेव्हाच गणपतीच्या बॅनरांची घाई सुरू होते. मागच्या जुलैचा पगार कधी झाला, हे तिथल्या डिझायनरला विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही.

कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि नोकरी सोडल्यावर हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. पीएफ २० माणसांपासून सक्तीचा, हे मात्र मालकांना तोंडपाठ असतं! ‘सल्लागार’ दाखवून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापत असतील, तर मालकाची तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत उलटल्यावर आयकराच्या साइटवर तुमच्या नावावर जमा झालेला टीडीएस दाखवणारं पत्रक (२६एएस) उघडून बघा. मालकाने कापलेले पैसे भरलेच नसतील, तर ते तिथे दिसणार नाहीत.

खरा घोळ मोबाइलवर होतो. रात्री अकराला व्हॉइस नोट येते, ‘आंब्याच्या पेटीचा दर बदल’, आणि सकाळी ‘मी असं म्हटलंच नव्हतं’. म्हणून ग्रुपवर लगेच एक ओळ टाका: दर अमुक, सांगितलं अमक्याने, पोस्ट सकाळी नऊला. ‘ओके’ आल्याशिवाय फाइल सोडू नका.

पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायला, स्वतःचं कार्ड तर अजिबात वापरू नका. १,००० रुपयांच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी धरून १,१८० जातात. मालक हजारच मोजतो, तेही पुढच्या महिन्यात. गिऱ्हाइकाचं फेसबुक पेजही तुमच्या खात्यावरून उघडू नका. आधीच उघडलं असेल, तर राजीनाम्याआधी मालकाला पूर्ण ताबा असलेला अ‍ॅडमिन करा, त्याच्या खात्यावरून पेज चालतंय याची खात्री करून घ्या, मग स्वतःला काढा आणि ‘पेज मिळालं’ असं मेलवर लिहून घ्या. इन्स्टाग्रामला तुमचा नंबर असेल तर तोही बदलून घ्या, नाहीतर ओटीपीसाठी फोन येतच राहतात.