तुम्ही विचारलंत म्हणून: मनाचं ऐकायचं की डोक्याचं?

नोकरी बदलायची असते, लग्नाचं ठरवायचं असतं, हिशोब एक सांगतो आणि मन दुसरंच, मग लोक मला विचारतात की ऐकायचं कोणाचं. मी आधी उलट विचारते, तुमचं मन या विषयात शिकलंय कुठे?

कारण आतला आवाज म्हणजे आकाशवाणी नाही. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी बुद्धिबळाचा पट फक्त 5 सेकंद दाखवून तो परत मांडायला सांगितला. खऱ्या डावातला पट मास्टर खेळाडूने झटक्यात बराचसा मांडला, पण मोहरी कशीही विखुरली तर तोही नवख्याइतकाच अडखळला. म्हणजे स्मरणशक्ती अचाट वगैरे नव्हती, हजारो डाव बघून रचना ओळखीच्या झाल्या होत्या, बस.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन, पहिला माणसांचे अंदाज कसे चुकतात ते शोधणारा मानसशास्त्रज्ञ, दुसरा फायर ब्रिगेडवाल्यांच्या अचूक अंदाजांवर काम करणारा, 2009 मध्ये एकत्र लिहायला बसले आणि चक्क एकमत झालं! मनाच्या अंदाजावर भरवसा कधी ठेवायचा, तर परिस्थितीत काही नियमितपणा असेल आणि आपलं बरोबर की चूक हे वेळेवर कळत गेलं असेल तेव्हाच. 'मला अगदी आतून खात्री वाटतेय' हा पुरावा नाही. म्हणूनच 'मी चेहरा बघून माणूस ओळखतो' म्हणणाऱ्या इंटरव्ह्यूवाल्यांवर माझा विश्वास बसत नाही, ज्यांना नाकारलं ते पुढे कसे निघाले हे त्यांना कधी कळतच नाही ना.

आता लग्न काय आपण रोज करत नाही, मग मनाला गप्प करायचं का? अजिबात नाही, फक्त त्याला उशिरा बोलू द्यायचं. 1955 मध्ये इस्रायली सैन्यात तरुण काहनेमननेच नव्याने भरती होणाऱ्यांच्या मुलाखतींची पद्धत बदलली, सहा स्वभावगुणांना वेगवेगळे मार्क द्यायचे आणि सगळं झाल्यावर डोळे मिटून मनाला काय वाटतं तो एक आकडा टाकायचा. सैनिक पुढे कसा निघेल हे ओळखायला तो शेवटचा आकडाही उपयोगी निघाला, जवळपास त्या सहांच्या बेरजेइतकाच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण नेमकं उलटं करतो, आधी मन ठरवून टाकतं आणि मग डोकं कारणं शोधत बसतं.

तर आधी मुद्दे लिहा, एकेक तपासा, मग मनाला विचारा. आणि एवढं करूनही ते 'नको' म्हणत राहिलं तर नेमकं काय खटकतंय ते शोधा, बऱ्याचदा यादीत राहून गेलेला एखादा मुद्दा सापडतो, तो लिहा आणि परत एकदा सगळं बघा.