हडर्सफील्डचे साइक्स आणि अर्जातला एक रकाना

‘बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये झाला’ हा रकाना भरल्याशिवाय अर्जाचं पुढचं पानच उघडत नव्हतं. चर्च माहीत असतं तर मी अर्ज कशाला केला असता? तो अर्ज इंग्लंडमधल्या ज्या अभिलेखागाराचा होता, त्याचं नाव इथे देत नाही. पण एखाद्या इंग्रजी आडनावाचा माग काढायला निघालेल्या कुणालाही असा रकाना आडवा येऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. लग्न होऊन यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डला आले. सासरचं आडनाव साइक्स. कोल्हापुरात साइक्स एक्स्टेन्शन नावाचा भाग आहे, रिक्षात बसताना ते नाव रोज घेतलं जातं, त्यामुळे माहेरच्या कुणाला ते दोनदा सांगावं लागलं नाही. लेकीच्या शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला, तेव्हा माहेरची बाजू पटकन भरून झाली. पंढरपूरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांच्या आजोबांपर्यंतची नावं आहेत. सासरची बाजू मात्र सासऱ्यांच्या आजोबांपाशीच थांबली. लेकीच्या झाडाची एक फांदी बुटकी राहणं मला पटेना.

सुरुवातीचं काम सोपं होतं. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद आहे. दर दहा वर्षांनी जनगणना आहे. 1921 ची जनगणना 2022 मध्ये खुली झाली. 1931 ची 1942 सालच्या आगीत जळाली आणि 1941 ची युद्धामुळे झालीच नाही. जनगणनेत तुम्हाला एकदम 1921 वर उडी मारावी लागेल, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी बोलतं करा. मी सासूबाईंच्या जुन्या बिस्किटांच्या डब्यातले कागद आधी पाहिले, त्यात फार वेळ वाचला. तिथून मागे जात जात 1851 च्या जनगणनेत जॉन साइक्स सापडले. वय 38, धंदा लोकरी कापड विणण्याचा, जन्म स्लेथवेटचा.

स्लेथवेट हे हडर्सफील्डच्या पश्चिमेला कोल्न नदीच्या खोऱ्यातलं गाव. लिहितात स्लेथवेट, पण गावकरी म्हणतात ‘स्लॉविट’. शेजारच्या गोलकारला ‘गोका’ म्हणतात. जनगणनेचा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा, तेव्हा संगणकावर शोधताना गावाचं नाव तिथल्या उच्चाराप्रमाणेही टाकून बघा. आडनावाचंही तेच. Y च्या जागी I घालून आणि दोन E घालूनही शोधायचं.

हे आडनाव याच डोंगराळ मुलखातलं. उत्तर इंग्लंडमध्ये ‘साइक’ म्हणजे छोटा ओहोळ, पाणथळ जागेतून वाहणारी चर. पेनाइन डोंगरांच्या उतारावर असे ओहोळ पावलोपावली आहेत. ओहोळापाशी राहणारा तो साइक्स. अशी नावं एकाच वेळी अनेक ठिकाणी पडली असणार, असंच कुणालाही वाटेल. पण ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी 2000 साली स्वतःच्याच आडनावाच्या 48 पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं, तपासून पाहिलं. हे पुरुष यॉर्कशरचा वेस्ट रायडिंग, लँकशर आणि चेशर इथले होते. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये एकच खूण निघाली, म्हणजे बरेचसे साइक्स एकाच पूर्वजाचे वंशज असावेत. मी हे सासऱ्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते ताठ होऊन बसले होते.

तर आता जॉन. 1851 मध्ये 38, म्हणजे जन्म 1813 च्या सुमाराचा, सरकारी नोंदीच्या आधीचा. (1841 च्या जनगणनेतल्या वयावर विसंबू नका. तेव्हा मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहीत.) 1837 च्या मागे जायचं तर पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्यांकडेच जावं लागतं. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या 1538 च्या हुकुमाने त्या सुरू झाल्या. शिवाय स्लेथवेटची गंमत अशी की कोल्न नदीच्या एका तीराला हडर्सफील्डची पॅरिश आणि दुसऱ्या तीराला ऑलमंडबरीची. मी दोन्हींच्या नोंदी चाळल्या. स्लेथवेटच्या छोट्या चर्चच्याही. साइक्स ढिगाने होते आणि जॉनही बरेच, पण आमचा बसेना. कुणाचा बाप वेगळा, कुणी तान्हेपणीच दफन झालेला. सांगलीकडच्या एखाद्या गावात निम्मे लोक पाटील असावेत, तसं त्या खोऱ्यात साइक्सचं होतं. तिथले लोक त्यावर आपल्यासारखाच उपाय करत, बापाचं आणि आजाचं नाव जोडून माणूस ओळखत. पण तसली नावं चर्चच्या वहीत क्वचितच येतात.

म्हणून अभिलेखागाराकडे सशुल्क शोधाचा अर्ज केला. अर्जात पर्याय तीनच : बाप्तिस्मा, लग्न, दफन. बाप्तिस्मा निवडला की चर्चचं नाव सक्तीचं. मी स्लेथवेटचं चर्च टाकलं, पैसे भरले आणि वाट पाहिली. उत्तर आलं, ‘नोंद आढळली नाही’. खाली एक ओळ, शुल्क परत मिळणार नाही. मी उलट लिहिलं की आजूबाजूची चर्चही पाहता का, जॉनच्या आईबापांचं लग्न याच पॅरिशमध्ये झाल्याचं मला सापडलं आहे, घराणं इथलंच आहे. त्यावर पुन्हा तोच अर्ज भरायची लिंक. प्रत्येक चर्चला वेगळा अर्ज, प्रत्येक अर्जाचं वेगळं शुल्क. फोन केला तर आधी संगीत, मग ‘अर्जातली माहिती पूर्ण भरा’. वाचनकक्षात जाऊन स्वतः बघते म्हटलं, तर भेटीची वेळ कित्येक आठवडे पुढची. आणि ती वेळ आदल्या दिवशी त्यांनीच रद्द केली, मशिनची दुरुस्ती म्हणून. सुट्टी टाकलेली होती. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. जे लोक दिवसभर या नोंदवह्यांमध्येच वावरतात, त्यांच्यापैकी एकानेही मला साधा प्रश्न विचारला नाही : घराणं चर्चचं होतं की चॅपलचं? (चर्च म्हणजे राजमान्य चर्च ऑफ इंग्लंड, चॅपल म्हणजे त्याबाहेरच्या ख्रिस्ती पंथांचं प्रार्थनाघर.)

तो प्रश्न मला विचारला इथल्या वंशावळ मंडळाच्या एका आजोबांनी. शनिवारी ग्रंथालयात टेबल टाकून बसतात, पैसे घेत नाहीत. माझी फाइल उलटली, जॉनच्या दफनाची नोंद पाहिली आणि बोट ठेवलं. दफन चॅपलच्या आवारात झालेलं होतं. ‘हे बॅप्टिस्ट दिसतात, पोरी. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. तू नसलेली गोष्ट शोधते आहेस.’

बॅप्टिस्ट माणूस मोठा झाल्यावर स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतो. मूल झालं की चॅपलच्या वहीत नुसती जन्माची नोंद व्हायची. आणि आईबापांचं लग्न चर्चमध्ये झालं त्याचं कारण श्रद्धा नव्हे, कायदा. 1753 च्या विवाह कायद्यामुळे 1754 ते 1837 या काळात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लग्न लावावं लागे. त्या लग्नाच्या नोंदीवर भिस्त ठेवली की माणूस चुकीच्या वहीत शिरतो. अभिलेखागाराच्या अर्जात ‘जन्म, चॅपल’ असा एक पर्याय घातला असता तर माझे पैसे आणि महिने दोन्ही वाचले असते.

चॅपलच्या जुन्या वह्या सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर सरकारजमा झाल्या. त्या आता लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आरजी 4 या मालिकेत, आणि त्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. शोधाच्या चौकटीत ‘बाप्तिस्मा’वरची खूण काढून ‘जन्म’ ठेवलं, आणि पहिल्याच पानावर जॉन! पिवळसर कागद, शाई एका बाजूला पसरलेली. एका ओळीत मुलाचं नाव, जन्मतारीख, बापाचं नाव, वस्ती, धंदा ‘क्लोदियर’, म्हणजे घरच्या मागावर विणून बाजारात कापड विकणारा. आणि त्यापुढे चर्चच्या वहीत सहसा न मिळणारी गोष्ट : आईचं माहेरचं आडनाव आणि तिच्या वडिलांचं नाव. मी स्वयंपाकघरातून ओरडतच सासऱ्यांकडे गेले. त्यांच्या घरात त्या बाईचं नाव दोनशे वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

आठवतील तशा आणखी काही गोष्टी. 1752 पर्यंत इंग्लंडचं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, म्हणून त्याआधीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखा जपून वाचा. बाप्तिस्मा लग्नाच्या ‘आधी’ झालेला दिसला की घाबरू नका, वर्षारंभाचा फरक असेल. 1642 पासून 1660 पर्यंतच्या यादवी आणि प्रजासत्ताकाच्या काळात कित्येक वह्यांना भोकं आहेत. तिथे वही गप्प असली तर माणूस मेला असं धरू नका. वही फाटली असेल तर बिशपकडे पाठवलेली नक्कल शोधा. वर्षभराच्या नोंदींची प्रत बिशपकडे जायची आणि कधी कधी तीच टिकली आहे. 1733 पर्यंत पुष्कळ नोंदी लॅटिनमध्ये आहेत, जॉन तिथे ‘योहानेस’ असतो. अक्षराचं जुनं वळण वाचायचा मोफत पाठ राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहे, तो आधी करा. आणि वंशावळीच्या वेबसाइटींचं महागडं सभासदत्व लगेच घेऊ नका. बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत त्याच वेबसाइटी फुकट वापरता येतात, फॅमिलीसर्च ही वेबसाइट तर घरूनही फुकट आहे.

1837 नंतरच्या जन्मांसाठी सरकारी नोंदणी कार्यालयाची स्वतःची सूची वापरा. तिच्यात आईचं माहेरचं आडनाव अगदी पहिल्या वर्षापासून आहे, जुन्या तिमाही सूचीत ते 1911 पासूनच मिळतं. एकाच गावात डझनभर साइक्स असले की हाच एक आधार उरतो. सुरुवातीच्या काही जन्मांची नोंदच झालेली नाही हेही ध्यानात ठेवा, नोंद न करणाऱ्याला दंडाची भीती 1875 पासूनच लागली.

हे आडनाव खोऱ्याबाहेर कसं गेलं तेही नोंदींतूनच दिसतं. स्लेथवेटमधून हडर्सफील्डचा अरुंद कालवा जातो. 1811 मध्ये स्टँडएजचा बोगदा खुला झाला आणि पेनाइनच्या पलीकडच्या लँकशरशी जलमार्ग जोडला गेला, 1849 मध्ये रेल्वेचा बोगदा झाला. हातमाग बसले तशी माणसं पलीकडच्या सूतगिरण्यांकडे निघाली. आमच्या जॉनच्या दोन मुलांची पुढची घरं ओल्डहॅममध्ये सापडली. विनोदी नट एरिक साइक्सही ओल्डहॅमचेच, जन्म 1923 चा. मुंबईचे 1928 ते 1933 या काळातले गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स मात्र पार दक्षिणेला क्रॉयडनला जन्मले होते. आणि मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स. यॉर्कशरचे, मुंबई सैन्यातले. दख्खनभर फिरून त्यांनी माणसांची, शेतीची आणि पक्ष्यांची मोजदाद केली. 1832 मध्ये त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. आपल्या माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाला इंग्रजीत आजही त्यांचंच नाव आहे. त्यांचं आमच्या घराण्याशी नातं लागत नाही, मी पाहिलं. लागलं असतं तर फार आवडलं असतं.

मुंबई-पुण्याकडे ज्यांचं आडनाव इंग्रजी आहे त्यांच्यासाठी एक शेवटचं. तुमचे पूर्वज मुंबई इलाख्यात असले तर इंग्लंडच्या पॅरिशपासून सुरुवात करू नका. भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातली एन 3 ही मालिका मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांची आहे. ती ब्रिटिश लायब्ररीकडे आहे, आणि बऱ्याच नोंदींची सूची फिबिस या ब्रिटिशकालीन भारतातल्या घराण्यांचा माग काढणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. तिथेही आधी लग्नाची नोंद काढा, त्यात बापाचं नाव मिळण्याची शक्यता जास्त.