कोंबडीच्या चोचीतला उंदीर

गेल्या रविवारी सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर चार कोंबड्या नेहमीसारख्या धडपडत बाहेर आल्या आणि पाचवी आतच थांबली. लेकीने तिचं नाव तांबडी ठेवलंय. कोपऱ्यातल्या पेंढ्याकडे मान तिरकी करून ती एकटक बघत होती. पेंढा जरासा हलला, तांबडीने झडप घातली आणि तिच्या चोचीत उंदराचं पिल्लू लोंबकळायला लागलं. तिने ते दोनदा जमिनीवर आपटलं आणि अंगणभर पळत सुटली. उरलेल्या चौघी तिच्या मागे. कुंपणाशी पोचेपर्यंत तिने ते अख्खं गिळलं होतं. शेपटी तेवढी घटकाभर चोचीबाहेर राहिली, मग तीही आत गेली.

कोंबडी उंदीर खाते हे मला लहानपणापासून माहीत आहे. फलटणजवळच्या आमच्या गावात आजीच्या गावरान कोंबड्यांनीही खाल्लेले पाहिलेत. तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. रविवारी मात्र पोटात गोळा आला. हे पिल्लू रात्री कुणाच्या शेडमधून काय खाऊन आलं असेल, एवढा एकच विचार डोक्यात होता.

आम्ही डब्बोला राहतो. सिडनीपासून सुमारे 400 किलोमीटर आत, मॅक्वारी नदीच्या काठचं हे गाव. चहूकडे गव्हाची शेतं आणि मेंढ्यांची कुरणं. इथे परसात चार-पाच कोंबड्या पाळणं अगदी घरोघरचं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अंगाची लाही होते, तेव्हा इथे थंडीची चाहूल लागते. गव्हाची कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात उरकलेली असते. शेतात सांडलेले दाणे खाऊन माजलेले उंदीर गारठा पडला की घरांकडे वळतात. आणि ज्या घरी कोंबड्या, त्या घरी धान्य हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

2021 साल मी विसरणं शक्य नाही. 2017 ते 2019 ही तीन वर्षं दुष्काळाची. 2020 मध्ये पाऊस झाला, पीक उदंड आलं, आणि त्यापाठोपाठ उंदीर. घरातला साधा उंदीर सहा आठवड्यांत वयात येतो, उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहते. अनुकूल हंगामात एका जोडीपासून 500 पर्यंत उंदीर होऊ शकतात असं इथले शास्त्रज्ञ सांगतात. आम्ही तो हिशेब डोळ्यांनी पाहिला. रात्री गाडीचे दिवे रस्त्यावर पडले की रस्ताच सरकतोय असं वाटायचं. लोक पलंगाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवून झोपायचे. पावसाच्या पाण्याच्या टाक्यांत उंदीर मरून पडायचे. कुजल्याचा तो गोडसर वास कपड्यांनासुद्धा यायचा. इथून 50 किलोमीटरवर वेलिंग्टनला मोठा तुरुंग आहे. त्या जूनमध्ये तिथले शेकडो कैदी दुसरीकडे हलवावे लागले, कारण उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या आणि छतांच्या पोकळीत मेलेल्यांचा खच पडला होता.

त्याच दिवसांत आईचा फोन आला. “अगं, एवढं काय घेऊन बसलीस? औषध ठेव की भरडीत कालवून. आपण नाही का ठेवायचो?” आपल्याकडचं ते औषध म्हणजे झिंक फॉस्फाईड, लसणासारख्या वासाची काळपट पूड. घरात ते ठेवलं की आजी दोन दिवस कोंबड्या डालग्याखाली कोंडायची, हेही मला आठवत होतं. तरी आम्ही दुकानातून दुसऱ्या जातीच्या निळ्या-हिरव्या वड्या आणल्या आणि शेडमध्ये फळीच्या मागे ठेवल्या. कोंबड्या तिथवर जात नाहीत, एवढाच विचार केला. खंडूचा केला नाही.

खंडू आमचा लॅब्रॅडॉर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फळी सरकलेली आणि पाकीट चावलेलं दिसलं. कुत्र्याने तोंड लावू नये म्हणून त्या वड्यांत कडू चव घातलेली असते, पण लॅब्रॅडॉरपुढे तिचा निभाव लागत नाही. कुत्रा अगदी मजेत होता, शेपूट हलवत होता. नवरा म्हणाला, सकाळपर्यंत बघूया. मी त्याच पावली गाडी काढली, आणि चावलेलं पाकीट सोबत घेतलं. ते घेतलं हे फार बरं झालं. डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच मागितलं, कारण आत कुठलं विष आहे त्यावर सगळे उपचार ठरतात. त्यावर लिहिलं होतं ब्रोडिफाकूम. उलटीचं इंजेक्शन दिल्यावर पाचेक मिनिटांत खंडूने ओकारी काढली. तिच्यात हिरवे तुकडे होते.

हे विष काम कसं करतं ते डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला बाबा आठवले. हृदयाची झडप बदलल्यावर त्यांना रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन चालू झालं होतं. ब्रोडिफाकूम त्याच घराण्यातलं, पण कितीतरी जहाल. रक्त गोठायला शरीराला के जीवनसत्त्व लागतं. ते पुन्हापुन्हा वापरात आणायची शरीराची जी सोय आहे, तीच हे विष बंद पाडतं. आधी तयार असलेला साठा तीन-चार दिवस पुरतो, म्हणून तोवर जनावर ठणठणीत दिसतं. मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते. “सकाळपर्यंत बघूया” का चालत नाही, ते इथे कळतं. दोन दिवसांनी रक्त तपासलं, के-1 च्या गोळ्या चार आठवडे चालल्या. स्निग्ध खाण्यासोबत त्या जास्त अंगी लागतात, म्हणून आम्ही तुपात भिजवलेल्या घासातून दिल्या. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणी. खंडू वाचला.

पण खरी गोष्ट मला त्यानंतर कळली. उंदीर असली वडी खाऊन लगेच मरत नाही. तो तीन-चार दिवस हिंडतो, पुन्हा येऊन आणखी खातो, सुस्तावतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो. असा उंदीर पकडायला सगळ्यात सोपा. कोंबडीला, मांजराला, घुबडाला. आणि हे विष खाणाऱ्याच्या यकृतात कित्येक महिने राहतं, कोंबडीच्या अंड्यातही उतरतं. इथे बूबुक नावाचं लहानसं घुबड आहे, आपल्या पिंगळ्याची आठवण करून देणारं. पर्थच्या बाजूला मेलेली सापडलेली बूबुक घुबडं तपासली, तेव्हा 10 पैकी 7 हून जास्त पक्ष्यांच्या यकृतात उंदरांचं हे विष निघालं. एक घुबड एका रात्रीत किती उंदीर उचलतं! त्यालाच आपण मारत होतो. 2021 मध्ये राज्य सरकारला याच जातीतलं ब्रोमाडिओलोन शेतांच्या बांधावर वापरायचं होतं. देशाच्या कीटकनाशक नियामकाने परवानगी नाकारली, ती उंदीर खाणाऱ्या प्राण्यांच्या जिवाला असलेल्या धोक्यामुळेच. शेतात झिंक फॉस्फाईड लावलेला गहू मात्र चालला. ते शरीरात साठून राहत नाही. पण तो गहू कोंबडीने थेट टिपला तर ती मेलीच, त्यामुळे परसात त्याला जागा नाही.

तेव्हापासून आमच्या अंगणात विष नाही. आणि माझा अनुभव असा की विषाने जेवढे उंदीर जात होते, त्याहून जास्त एका साध्या सवयीने गेले. संध्याकाळी दाणा उचलायचा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती रात्री खात नाही. म्हणजे रात्रभर खुराड्यात ठेवलेला दाणा आपण उंदरांसाठीच ठेवतो. एक कोंबडी दिवसाला साधारण 120 ग्रॅम खाते, पाच कोंबड्यांना 600. मी तेवढंच मोजून सकाळी घालते आणि सूर्य कलला की उरलंसुरलं उचलते. 20 किलोचं पोतं आता पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या पिंपात असतं. प्लास्टिकचं पिंप त्यांनी एका रात्रीत तळाशी पोखरलं होतं.

पुढे आम्ही पायाने दाबायचं खाद्यपात्रही घेतलं. कोंबडी पाटीवर उभी राहिली की झाकण उघडतं, आणि 15-20 ग्रॅमच्या उंदराच्या वजनाने ते ढिम्म हलत नाही. कोंबड्यांना शिकवायला आठवडा लागला. तांबडी पहिल्या दिवशी शिकली, बाकीच्या तिचं बघून.

जाळीबद्दल एक सांगते, कारण इथे बहुतेक जण फसतात. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदराचं पिल्लू जातं. आम्ही सहा मिलिमीटर भोकांची वेल्ड केलेली जाळी लावली, खाली जमिनीत फूटभर पुरली. दोन शनिवार-रविवार त्यात गेले आणि हात सोलवटले, पण खुराड्यात रात्री खसफस ऐकू येणं थांबलं. खसफस थांबणं इथे जिवाचा प्रश्न आहे. उंदरामागे साप येतो, आणि इकडचा तपकिरी साप अतिशय विषारी. अंडी काढायला लेक जाते, मी नव्हे.

तरीही शेडमध्ये दोन-चार येतातच. त्यांच्यासाठी खटक्याचे सापळे, पण उघडे नाहीत. लाकडी खोक्याला उंदराएवढं भोक पाडून आत सापळा, भिंतीला लागून, कारण उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. आमिष म्हणून शेंगदाण्याचं लोणी, मुगाच्या दाण्याएवढं. खोक्यामुळे कोंबडीची चोच, खंडूचं नाक आणि बागेतल्या निळ्या जिभेच्या सरड्यांचे पाय वाचतात. चिकट पट्ट्या मी कधीच वापरणार नाही. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो. लेंड्या झाडूने कोरड्या झाडायच्या नाहीत, जंतुनाशक शिंपडून ओल्या पुसायच्या, हातमोजे घालून.

मग रविवारी पोटात गोळा का आला? कारण उंदीर कुंपण मानत नाही. पलीकडे राहणाऱ्या आजोबांनी शेतकरी म्हणून उभा जन्म काढलाय, आणि त्यांच्या शेडमध्ये मी त्या वड्या पूर्वी पाहिल्या होत्या. मी डझनभर अंडी घेऊन गेले आणि विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या कुत्रीचं वय 14 आहे. “वड्या मागच्याच वर्षी संपल्या,” ते म्हणाले, “पुन्हा आणत नाही.” आणि आतून जुने दोन खटके काढून मला दाखवले, त्यांच्या वडिलांचे. तांबडीवर मी पुढचे दहा दिवस लक्ष ठेवणार आहे आणि तिची अंडी बाजूला काढतेय. तुरा अजून लालभडक आहे.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. तिच्याकडेही सहा गावरान कोंबड्या आहेत, आणि वळचणीला मांजराची पिल्लं. ती हो-नाही काहीच बोलली नाही. परवा व्हिडिओ कॉलवर तिने पडवी दाखवली. भरडीचं पोतं जागेवर नव्हतं. तिथे तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा होता, झाकण लावलेला, आणि झाकणावर आजीचा वरवंटा.