जळालेली मोटर उघडली की कारण दिसतं

थ्री फेज पंपाची मोटर जळाली की लगेच रिवायंडिंगला (कॉइलची तार नव्याने भरायला) टाकू नका, आधी कॉइल नीट बघा. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या असतील तर ओव्हरलोड, जाम झालेला पंप किंवा कमी व्होल्टेज. काही गट काळे आणि बाकीचे कोरे असतील तर एक फेज गेला होता. कॉइल डेल्टा पद्धतीने जोडलेल्या असतील तर एका फेजचे गट जळतात, स्टार पद्धतीने असतील तर दोन फेजचे.

फेज गेला तरी चालू मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन वायरींतून साधारण १.७३ पट करंट ओढत ती घुमत राहते. बंद असेल तर मात्र नुसती गुणगुणते, कारण एकाच फेजवर फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही.

ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारं साधन) असूनही मोटर का जळते? बहुतेक वेळा चुकीच्या सेटिंगमुळे. साडेसात एचपीच्या मोटरचा फुल लोड करंट साधारण ११ अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर स्टारमध्ये सुरू करून डेल्टात चालवणारा) रिले वाइंडिंगच्या, म्हणजे कॉइलच्या वाटेत असेल, तर सेटिंग फुल लोड करंटच्या ०.५८ पट, म्हणजे ६.४ अँपिअर हवं. तिथे ११ ठेवलं की रिले असून नसल्यासारखा! नेमका आकडा नेमप्लेटवर बघा.

रिले सारखा ट्रिप होतो, म्हणजे मोटर बंद पाडतो, म्हणून सेटिंग वाढवणं तर सगळ्यात वाईट. आधी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं साधन) बसवाच, रिवायंडिंगपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.