पुण्यातल्या बालगृहात सेवेला जाताय? वाकडेवाडीला उतरू नका

आमच्या चर्चच्या तरुण संघाची आधी जाऊन आलेली मंडळी म्हणाली होती, "नगरहून शिवाजीनगरची एसटी धरा, स्टँडवरून रिक्षा थेट गेटात सोडते." असा सल्ला देणाऱ्यांना माझा लांबूनच सलाम. शिवाजीनगरचं स्टँड 2019 संपता संपता वाकडेवाडीला गेलं आणि बालगृह आहे कोंढव्याच्याही पुढे, येवलेवाडीच्या अंगाला. म्हणजे अख्खं पुणे ओलांडायचं. आमच्याकडच्या बॅगा, गिटार आणि तांदळाचं पोतं बघून रिक्षावाल्यांनी जो आकडा लावला तो सहाशेच्या खाली येईना, तोही दर रिक्षाला. 2022 पासून पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 असा मीटरचा दर आहे. पंधरा किलोमीटर धरले तरी अडीचशेच्या थोडं वर जातं. मी तो हिशेब तिथंच फोनवर मांडून दाखवला. "मग मीटरवाला शोधा ताई," एवढंच उत्तर मिळालं. बरोबरची पोरं दमली होती, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये आधीच तास गेला होता, दिले पैसे.

एवढं करून त्यांनी आम्हाला खडी मशीन चौकात उतरवलं. पुढचा रस्ता खराब, परतीचं भाडं मिळत नाही, म्हणून. बोललेलं गेटपर्यंतचं होतं, पण भर चौकात हॉर्नच्या गदारोळात भांडणार कोण?

या कात्रज-कोंढवा रस्त्याबद्दल कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सातारा रस्त्याकडून सोलापूर, सासवडकडे जाणारी जड वाहनं शहर टाळायला इकडूनच जातात. रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललंय. आम्ही गेलो तेव्हा एका बाजूला खडीचे ढीग, दुसऱ्या बाजूला डंपर आणि मधे चाकांच्या बॅगा ओढत आमची वरात, अशी अवस्था होती. फूटपाथ जिथं होता तिथं त्यावर मोटारसायकली चढत होत्या. तांदळाच्या पोत्याची शिवण उसवली आणि दोन मुलं त्याचं उसवलेलं तोंड मुठीत धरून ते बाळासारखं उचलून चालली. नाकात, डोळ्यांत, बायबलच्या पिशवीत, सगळीकडे धूळ. तीन किलोमीटरही नसतील, पण ज्याला दमा आहे त्याने हा तुकडा पायी करूच नये.

आता नीट रस्ता सांगते. नगरची गाडी पुण्यात शिरताना रामवाडीवरून जाते. कंडक्टरला आधी सांगून तिथंच उतरा. वर मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला (ते बरंच खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत) आणि स्वारगेट गाठा. तिथून कोंढव्याकडची पीएमपी, म्हणजे शहर बस. येवलेवाडीपर्यंत जाते का, हे चढतानाच विचारा, खडी मशीनलाच संपणारीत बसू नका. जून 2025 पासून पीएमपीचा दिवसभराचा पास 70 रुपयांना आहे. मुलींना एसटीत अर्धं तिकीट लागतं, ते घरून निघतानाच्या हिशेबात धरा. आणि तांदूळ, डाळ, साखर गावाहून वाहून आणणं निव्वळ वेडेपणा आहे. स्वारगेटच्या जवळ मार्केट यार्डाचा भुसार बाजार आहे. तिथं घ्या आणि टेम्पोने पाठवा. त्याआधी बालगृहाला फोन करून काय संपलंय ते विचारा. आम्ही पोहोचलो तेव्हा कोठीत तांदूळ भरपूर होता, खोबरेल तेल आणि सॅनिटरी पॅड नव्हते.

कामाबद्दलही गैरसमज करून दिला गेला होता. आम्ही व्ही.बी.एस.सारखा (सुट्टीतल्या बायबल शाळेसारखा) कार्यक्रम बसवून गेलो होतो. बाहुल्या, कृतिगीतं, सगळं होतं. अधीक्षिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की मुलं सकाळी शाळेत जातात, साडेचारला येतात, मग अभ्यास. शिवाय बाल कल्याण समितीकडून (मुलाला कुठं ठेवायचं हे ठरवणारी सरकारी समिती) येणारी मुलं सगळ्या धर्मांच्या घरांतली असतात, त्यामुळे त्यांना प्रवचन चालणार नाही, गाणी चालतील. आमच्यातले काही जण यावर रुसले. मला बाईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. रात्रीची प्रार्थना आम्ही आमच्या खोलीत केली, प्रभूला तीही ऐकू येते.

मग दिवसभर काय? पाण्याच्या टाक्या घासणे, तांदूळ निवडणे, जिन्याची भिंत रंगवणे, आणि दान आलेल्या कपड्यांची पोती उपसणे. या पोत्यांवर वेगळं लिहायला हवं. चेन तुटलेल्या पँटी, काखेत विरलेले ब्लाउज, एकाच पायाचे बूट, कुणाच्या तरी लग्नातला झगमगीत शेरवानीचा कोट. चारातलं एक पोतं कामाचं निघालं. नाताळात लोक घर आवरतात आणि ते सगळं इथं येऊन पडतं. जे तुम्ही आपल्या धाकट्या भावाला घालणार नाही ते पाठवू नका.

रविवारी सकाळी मुलींच्या डोक्याला तेल लावून बारीक फणीने उवा-लिखा काढायच्या असतात. माझ्या पुढ्यात चौथीतली एक पोर बसली. दोन मिनिटांत तिने मान वळवली, फणी माझ्या हातातून घेतली, "ताई, असं नाही, मुळाशी टेकवून वर ओढायचं," म्हणाली आणि पुसलेली फणी परत हातात दिली. केस घट्ट बांधून बसा. आमच्यातल्या तिघींनी घरी परतल्यावर उवांचं औषध स्वतःला लावलं.

फोन पहिल्याच दिवशी कपाटात जातात. यावर हुज्जत घालू नका. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चर्चच्या मंडळीला दाखवायला फोटो हवेतच तर रंगवलेल्या भिंतीचे काढा.

एक दिवस सुट्टी मिळाली तेव्हा दौंडकडच्या गाडीने केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेलं मुक्ती मिशन बघून आलो. छान झालं. नगरकरांनी तिकीट काढताना नगरजवळचं आपलं केडगाव डोक्यातून काढावं, इतकंच.

कधी जावं? दिवाळी आणि मे महिना बाद. बहुतेक मुलांना आई, मामा, आजी कुणीतरी असतं, ती सुट्टीत घरी जातात. नाताळात केक घेऊन येणाऱ्यांची इतकी रीघ असते की मुलं केकच्या नावाने तोंड फिरवतात. ऑगस्ट किंवा जानेवारीचा शेवट बरा, आणि दहाच्या वर माणसं नेऊ नका, झोपायला जागा नसते.

पैसे गोळा करण्याआधी संस्थेकडे त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 41 खालचं नोंदणीपत्र मागा. ज्यांच्याकडे असतं ते लगेच दाखवतात. "सेवा सहल" म्हणून माणशी फी घेणाऱ्या मध्यस्थाला तर दारातूनच परत पाठवा. आम्हाला भेटला होता एक. त्याच्या फीत प्रवास, जेवण, टी-शर्ट आणि "मुलांसोबत ग्रुप फोटो" सगळं धरलेलं होतं, बालगृहाचा वाटा किती हे विचारल्यावर त्याचा फोन लागेनासा झाला.